ट्रॅक, ऑटोक्रॉस की ड्रॅग? नवीन पोरांनो, या चुका टाळा

"सरळ रस्त्यावर मी त्याला आरामात मागे टाकतो, मग ट्रॅकवर तो माझ्या पुढे कसा?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता विचारणाऱ्याची गाडी न बघताही सांगतो, रेमॅप झालाय (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय), एक्झॉस्ट बदललाय आणि टायर मात्र कंपनीचे, तेही चाळीस-पन्नास हजार किलोमीटर घासलेले. अरे, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. ड्रॅगला ४०२ मीटर सरळ पळायचं, ऑटोक्रॉसला मातीत ठेवलेल्या कोनांमधून (प्लॅस्टिकच्या शंकूंमधून) मिनिटभर गाडी काढायची, आणि ट्रॅकवर, म्हणजे सर्किटवर, पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या लॅप, म्हणजे फेऱ्या, मारत राहायच्या, यात गाडी तीच असली तरी तिच्याकडून आणि तुमच्याकडून मागणं वेगळं असतं. एकीकडचा आकडा दुसरीकडे नेऊन भांडू नका.

ड्रॅगची स्लिप (वेळा छापलेली चिठ्ठी) वाचता न येणं

आपल्याकडे ड्रॅग म्हटलं की अँबी व्हॅलीची धावपट्टी आठवते, तिथले व्हिडिओ बघून पोरं येतात आणि सगळ्यांना वाटतं की हिरवा दिवा लागला की घड्याळ सुरू. तसं नसतं. तुमचं पुढचं चाक स्टार्टच्या बीममधून (प्रकाशाच्या किरणातून) बाहेर पडलं की ईटीचं, म्हणजे अंतर कापायला लागलेल्या वेळेचं, घड्याळ सुरू होतं. दिवा लागल्यापासून चाक निघेपर्यंतचा वेळ म्हणजे रिअॅक्शन टाइम, तो वेगळा मोजतात. समजा तुमचा ईटी १५.२ आणि समोरच्याचा १५.४, पण तुम्ही ०.९ ला निघालात आणि तो ०.६ ला. तुमचे झाले १६.१, त्याचे १६.०. तो जिंकला. एकदा माझा मित्र अशीच स्लिप हातात घेऊन टायमिंगच्या टेबलावर भांडायला निघाला होता, मी हात धरून बाजूला घेतला आणि कागदावर बेरीज करून दाखवली तेव्हा कुठे गप्प बसला.

फोनच्या अॅपवर हायवेला काढलेला शून्य ते शंभर तर मला सांगूच नका. थोडासा उतार असला तरी तो आकडा बदलतो.

दुसरं म्हणजे लाँच, उभी गाडी जागेवरून सोडणं. आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, एक्सलेटर ठासला की वजन मागे जातं आणि जी चाकं ओढणार तीच हलकी होतात, मग टायर किंचाळतात, पब्लिक खूश होतं आणि गाडी जागची हलत नाही. पहिले ६० फूट जिथे गेले तिथे रेस गेली. मी साध्या टायरवर अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर लाँच करत नाही, क्लच सोडताना थोडा खेळवतो आणि गाडीने पकड घेतली की मगच पूर्ण पाय देतो.

ब्रेक ऑइलचा विचार न करणं

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण यात जीव जातो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं पुण्याहून कोइमतूरला कारी मोटर स्पीडवेवर गेलो, हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास. गाडी मित्राची, डिझेल हॅचबॅक, रेमॅप केलेली, सरळ रेषेत तिचं नाव होतं. निघायच्या आधी मी विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललंस? तो म्हणाला, ब्रेक एकदम कडक आहेत, घाटात कधी त्रास नाही दिला. मी जास्त ताणलं नाही, आणि ते माझं चुकलं.

ट्रॅक तसा छोटा, २.१ किलोमीटरचा, म्हणजे ब्रेकला श्वास घ्यायला जागा कमी. मी शेजारी हेल्मेट घालून बसलेलो. पहिल्या तीन लॅप मस्त. चौथ्या लॅपला जळका उग्र वास यायला लागला, मी म्हटलं आत घे, तो म्हणाला एकच. पाचव्या लॅपला सरळ पट्टी संपताना त्याने पाय दिला आणि पेडल सरळ खाली गेलं, अगदी मॅटला टेकलं. त्याचा गुडघा दोन-तीन वेळा वरखाली झालेला मला आजही दिसतो. गाडी वळलीच नाही, मातीत शिरली आणि टायरच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर थांबली. आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

काय झालं ते समजून घ्या. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता होऊन डिस्क, पॅड आणि कॅलिपरमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलला त्या दर्जाच्या नियमातली किमान मर्यादा १५५ अंशच आहे. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाहीत. ड्रॅगला हे कधी कळणार नाही, कारण तिथे एकदाच ब्रेक मारायचा आणि मग अर्धा तास लाइनीत उभं राहायचं. घाटात निम्मं काम गिअर करतो. म्हणून "माझे ब्रेक कडक आहेत" याला सर्किटवर काही किंमत नाही.

त्यात भर म्हणजे पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत) येऊन मित्र ब्रेकवर पाय दाबून तसाच बसून राहिला. गरम डिस्कवर पॅडचा थर एका जागी चिकटला आणि घरी येईपर्यंत प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरत होतं.

माझी पद्धत अशी. जायच्या आठवडाभर आधी नवीन डॉट ४ भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली हवा काढून घेतो, डबा माझ्यासमोर फोडायला लावतो. तीन लॅप जोरात, मग एक लॅप जवळपास ब्रेक न मारता, आणि आत. गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड, हँडब्रेक ओढायचा नाही. पेडल जरा जरी लांब गेलं तरी त्या सेशनपुरतं थांबायचं. आणि आकडा मोठा दिसतो म्हणून डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या सिस्टिममध्ये चालत नाही. पन्नास-साठ हजारांचा रेमॅप करतात आणि थोडक्या पैशांच्या ब्रेक ऑइलला मागेपुढे बघतात, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

ऑटोक्रॉसला खेळ समजणं

"तिथे सेकंड गिअरच्या वर जाता येत नाही, काय मजा?" असं म्हणणाऱ्याला मी आधी तिथेच पाठवतो, कारण गाडी हातात आहे की नाही हे मातीतच कळतं. तिथे वॉर्मअप नाही, थंड टायर, एक-दोन रन, आणि कोन पाडला की पेनल्टीचे सेकंद. तीन घोडचुका नेहमी दिसतात: कोर्स पायी न चालणं, नजर पुढच्याच कोनावर ठेवणं, आणि प्रत्येक वळणाला हँडब्रेक ओढणं. मी कोर्स दोनदा चालतो, दुसऱ्यांदा खाली वाकून ड्रायव्हरच्या उंचीवरून बघतो, कारण उभ्याने दिसणारी वाट सीटवरून दिसत नाही. शिवाय दहा-पंधरा गाड्या गेल्या की वळणात चर पडतात, सकाळची लाइन दुपारी चालत नाही, म्हणून आपला नंबर येईपर्यंत चहाच्या टपरीवर न बसता दुसऱ्यांच्या गाड्या कुठे उडतात ते बघा. पकड मिळेल म्हणून टायरची हवा फार कमी केली तर वळणात टायर रिममधून निघतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाकीचं पटापट

ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आणि पाण्याची बाटली आधी बाहेर काढा, बाटली ब्रेकखाली गेली की संपलं.

व्हील नट टॉर्क पान्ह्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या), दर सेशनला. माझ्या पोलोला १२० न्यूटन मीटर लागतात, "पायाने दाबलाय" हे माप नाही.

टाकी अगदी रिकामी ठेवून वजन वाचवू नका, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि गाडी अडखळते.

आपल्या नेहमीच्या मोटर इन्शुरन्समध्ये ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, पॉलिसी उघडून वाचा.

एक्सप्रेसवेवर रात्री रेस लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने तुमच्या रेसमध्ये नाव दिलेलं नसतं.

मग तुलना कशाशी करायची?

स्वतःशी, त्याच ट्रॅकवर, त्याच दिवशी, त्याच टायरवर. सर्किटवर एकच भारी लॅप मला सांगू नका, सलग पाच लॅपमधला फरक सांगा. अर्ध्या सेकंदात असेल तर तुम्ही शिकताय, तीन सेकंदांचा असेल तर रेमॅप सध्या राहू दे. मी डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवतो, त्यात सेशनच्या आधी थंड टायरमधली हवा आणि बाहेर आल्या आल्या गरम टायरमधली हवा लिहितो. ३२ पीएसआय भरून गेलो की ३७-३८ होऊन येते आणि गाडी पुढून सरकायला लागते, मग थोडी सोडतो. संध्याकाळी टायर गार झाले की हवा परत भरायची, नाहीतर कमी हवेवर सामान भरून पुण्यापर्यंत हायवेने याल आणि टायरच्या कडा तिथेच खराब होतील.