सिझेरियननंतर पोट आत जात नाही? या चुका टाळा

महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. गोव्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळ आहे. हे आकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आहेत. तरीही घरोघरी बाळंतिणीचं पोट बांधणं, शेकणं, चोळणं हे सगळं अजून नॉर्मल डिलिव्हरीच्या हिशेबानेच चालतं. त्यात आता मोबाइलवरच्या 'तीस दिवसांत सपाट पोट' व्हिडिओंची भर पडली आहे. बाळंतपणानंतरच्या व्यायामासाठी माझ्याकडे ज्या बायका येतात, त्यांतल्या बऱ्याच जणींनी या दोन्ही गोष्टी करून पाहिलेल्या असतात आणि पोट होतं तिथेच असतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट म्हणून मला कळकळीने सांगायचंय की पहिले काही महिने पोट कमी करण्याच्या मागे लागू नका. पोटावर आतून दाब कधी आणि किती येतो, तेवढं सांभाळा.

सिझेरियनमध्ये पोटाचे स्नायू कापतात असा बहुतेकींचा समज असतो. सहसा ते कापत नाहीत. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन त्वचा, चरबी आणि स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण उघडतात, खालचे दोन उभे स्नायू मधून बाजूला सारतात, मग आतला पातळ पडदा आणि शेवटी गर्भाशय. पोटाची खरी बळकटी त्या जाड आवरणात असते. वरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकलेले दिसतात, पण हे आवरण सहा आठवड्यांनी जेमतेम निम्म्या ताकदीवर आलेलं असतं, आणि सहा-सात महिन्यांनीही ते पूर्वीइतकं झालेलं असेलच असं नाही. त्यातच पोट वाढताना ते दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि मधली पट्टी ताणून पातळ झालेली असते. अशा पोटावर जोर पडला की ते आत न जाता बाहेर येतं.

आवळून पोट बांधणं

जुन्या मऊ सुती लुगड्याने पोट बांधायची पद्धत मुळात वाईट नाही. पहिल्या दोन-चार आठवड्यांत उठताना, चालताना, खोकताना आधार मिळतो आणि टाक्यांवरची ओढ कमी होते. बेल्टही तेच काम करतो. गडबड होते ती 'जितकं घट्ट तितकं लवकर आत' या समजुतीमुळे. पोट आवळलं की आतला दाब नाहीसा होत नाही, तो खाली सरकतो. खाली मूत्राशय आणि गर्भाशयाला तोलून धरणारे पेल्विक फ्लोअरचे स्नायू असतात. ते नऊ महिने ओझं वाहून आधीच थकलेले असतात. मग शिंकताना थेंबभर लघवी होते, खाली जड जड वाटतं आणि ती बाई हे कुणाला सांगतही नाही.

बेल्ट आडवं पडून लावा. कमरेच्या खालून सुरुवात करून वर या. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि पोटभर श्वास घेता आला पाहिजे. जेवताना आणि झोपताना काढून ठेवा. कोकणात, मुंबईत घामाने जखमेची जागा ओली राहते, त्यामुळे दिवसातून काही वेळ ती उघडी आणि कोरडी राहू द्या. बेल्टने पोट सपाट होत नाही. तो तात्पुरता आधार आहे, सहा महिने लावून बसायची वस्तू नाही.

दिवसभर नकळत मारलेल्या उठाबशा

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं. बाळ रडलं की बाळंतीण पाठीवरून सरळ उठून बसते. रात्रीत चार वेळा, दिवसात दहा वेळा. हा पोटाचा सगळ्यात जोराचा व्यायाम आहे आणि तो ओल्या टाक्यांवर चालू असतो. उठताना पोटाकडे बघा. बेंबीच्या वर मधोमध लांबट उंचवटा उभा राहिला, तर तो पातळ झालेल्या पट्टीतून बाहेर येणारा दाब आहे. अर्ध्या तासाच्या व्यायामाने जे कमावलं, ते अशा वीस वेळा उठण्यात जातं.

आधी गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकदम फिरवून कुशीवर व्हा. पाय खाटेखाली सोडा, हाताने गादी रेटा आणि श्वास सोडत उठा. झोपतानाही हेच उलट्या क्रमाने. जमिनीवर गादी असेल तर निदान दीड-दोन महिने खाट किंवा दिवाण मागून घ्या.

'श्वास सोडत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाळाला उचलताना, कुकर ओट्यावर ठेवताना, खुर्चीतून उठताना आपण दम रोखतो आणि दाब एकदम वाढतो. जोर लावायच्या क्षणी तोंडाने हळू फुंकर घालायची सवय लावा. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, पिठाचा डबा नाही, मोठं मूल कडेवर नाही. मोठ्याला जवळ घ्यायचं असेल तर आपण बसावं आणि त्याला मांडीवर चढू द्यावं. खोकला किंवा हसू आलं की उशी टाक्यांवर हलकी दाबून धरावी.

बद्धकोष्ठ हाही दाबाचाच प्रकार आहे. बाळंतिणीने पाणी प्यायलं की पोट सुटतं, असं अजून काही घरांत मानतात. हे साफ चूक आहे. पाणी कमी, भाजी नाही, वरून तुपातले लाडू आणि लोहाच्या गोळ्या, मग शौचाला कुंथावं लागतं. तो सगळा जोर टाक्यांवर आणि पेल्विक फ्लोअरवर येतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील आणि कुंथावं लागणार नाही.

क्रंचेस, प्लँक, कपालभाती

महिना झाला, टाके सुकले, म्हणून लगेच सिट-अप्स सुरू करू नका. दोन्ही पाय एकत्र वर उचलणं, प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं), दोरीच्या उड्या, झुंबा, भराभर सूर्यनमस्कार, यातलं काहीही पहिल्या तीन महिन्यांत नको. कपालभातीचा आग्रह घरचे फार धरतात, पण त्यात प्रत्येक झटक्याला पोटात दाब तयार होतो. तोही नको. धावणं तर तीन महिन्यांच्या आत मुळीच नाही, आणि त्यानंतरही लघवी गळत नसेल, जड वाटत नसेल, टाके दुखत नसतील तरच.

सहा आठवड्यांनंतर स्वतः तपासून बघा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. बेंबीच्या थोडं वर मधोमध बोटांची टोकं अशी ठेवा की ती पायांकडे वळलेली असतील. आता डोकं किंचित उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना घट्ट लागतील. मध्ये किती बोटं मावतात आणि ती किती खोल जातात, दोन्ही पाहा. हेच बेंबीवर आणि बेंबीच्या खाली करा. दोन बोटांपर्यंत जागा असेल आणि खाली घट्ट लागत असेल तर काळजी नको. तीन-चार बोटं मावत असतील किंवा बोटं मऊ खड्ड्यात जावीत तशी जात असतील, तर व्हिडिओ बंद करा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मग करायचं काय? लघवीची नळी काढली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच सुरुवात होते. फासळ्या बाजूंना फुलतील असा सावकाश श्वास घ्यायचा. सोडताना लघवी आणि गॅस अडवून धरल्यासारखे खालचे स्नायू वर ओढायचे आणि ओटीपोट हलकेच आत घ्यायचं. पाच आकडे मोजून पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणंही ओढण्याइतकंच गरजेचं आहे. दुखणं ओसरलं की गुडघे वाकवून कंबर गादीला टेकवणं, एकेक टाच सरकवत पाय लांब करणं. दिसायला हे काहीच नाही, पण सगळ्यात आतला, पट्ट्यासारखा पोटाभोवती फिरलेला स्नायू याच व्यायामाने जागा होतो. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पाहिलं की ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), भिंतीला हात लावून पुश-अप, हळूहळू वाढवत चालणं. कोणताही व्यायाम करताना मधला उंचवटा दिसला तर तो व्यायाम अजून तुमच्यासाठी नाही.

सव्वा महिना नुसतं पडून राहणं हेही चूकच. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. घरातल्या घरात थोडं थोडं चालत राहा आणि पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवा.

शेक आणि मालिश

टाक्यांच्या आसपासची त्वचा बरेच महिने बधिर असते, कारण छेद घेताना त्वचेतले बारीक मज्जातंतू कापले जातात. बधिर जागेला चटका कळत नाही. ओव्याची पुरचुंडी, शेगडी, गरम पाण्याची पिशवी, काहीही पोटावर ठेवू नका. पाठीला शेक घ्या, पण पोटाला नको. तेल लावणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा की हातपाय आणि पाठ चोळा, पोटावर जोर द्यायचा नाही.

उलट, जखम पूर्ण भरल्यावरही काही जणी भीतीपोटी टाक्यांना हात लावत नाहीत. मग व्रण आतल्या थरांना चिकटतो आणि त्याच्या वर पोटाची एक घडी लोंबल्यासारखी दिसते. कितीही चाललं तरी ती जात नाही. सहा आठवड्यांनी, खपली नाही, ओल नाही अशी खात्री झाल्यावर दोन बोटांनी व्रणाच्या वरची-खालची त्वचा हळू सरकवायला शिका, रोज चार-पाच मिनिटं. काही आठवड्यांनी ती मोकळी होऊ लागते.

लाडू आणि उपास

डिंक, अळीव, खोबरं यांना माझा विरोध नाही. पण सकाळी दोन लाडू, दुपारी शिरा, रात्री खीर आणि हालचाल शून्य, असं झालं की चरबी साठणारच. दुसऱ्या टोकाला दूध पाजणारी आई रात्रीचं जेवण सोडते, वजन कमी करायची पावडर घेते. हे त्याहून वाईट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार पहिले सहा महिने आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढचे सहा महिने सुमारे ५२०. पोटाची पट्टी सांधायलाही प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, अंडी, मासे, दही, नाचणी रोज पोटात जाऊ द्या. लाडू एक पुरे.

तरीही पोट दिसतंय?

चिमटीत पकडता येतं, मऊ आहे, तर ती चरबी, ती सावकाश जाईल. सकाळी ठीक आणि संध्याकाळी फुगलेलं, तर गॅस किंवा दिवसभरात थकलेले स्नायू. मूल कडेवर घेताना कंबर एका बाजूला काढून आणि पोट पुढे ढकलून उभ्या राहता का, तेही बघा. वर्षभर चालूनही वजन हलत नाही, केस गळतात, सतत थकवा, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. खोकल्यावर टाक्यांच्या जवळ किंवा बेंबीपाशी गोळा बाहेर येत असेल तर तो हर्निया असू शकतो. आणि व्रणात गाठ लागून ती दर पाळीला दुखत असेल, तर ते अंगावर काढू नका. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजल्या की असं होतं आणि त्यावर इलाज आहे.

ताप, टाक्यातून पू किंवा वास, एका पोटरीला सूज आणि दुखणं, एकाएकी धाप किंवा छातीत दुखणं, तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा.

सहा आठवड्यांच्या तपासणीत बहुतेक वेळा टाके आणि बाळाचं वजन एवढंच बघितलं जातं. तुम्ही आपणहून विचारा: "डॉक्टर, पोटाच्या स्नायूंमध्ये किती अंतर आहे? खोकताना लघवी होते, ते बघाल का?"