मॅनेज्ड स्विच चालू नेटवर्कला जोडण्यापूर्वी

नवा मॅनेज्ड स्विच (नेटवर्कमधील उपकरणे जोडणारा आणि सेटिंग्ज बदलता येणारा स्विच) खोक्यातून काढून लगेच चालू नेटवर्कमध्ये जोडण्याचा मोह आवरावा. तो स्वतःच्या सेटिंग्ज घेऊन येतो आणि त्यांचा परिणाम शेजारच्या स्विचांवरही होऊ शकतो. म्हणून त्याची सारी मांडणी टेबलावर पूर्ण करून मगच तो रॅकमध्ये चढवावा.

आरंभ कागदावर करावा. कोणत्या पोर्टला कोणते उपकरण येणार, किती व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली आभासी नेटवर्क) लागणार आणि प्रत्येकाचे आयपी पत्ते कोणते, हे आधी लिहून काढावे. आयईईई ८०२.१क्यू मानकानुसार व्हीलॅनसाठी १ ते ४०९४ हे क्रमांक वापरता येतात. मात्र १ क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये बहुतेक स्विचांचे सर्वच पोर्ट मुळात असतात, त्यामुळे कामाची वाहतूक त्यात ठेवू नये.

त्यानंतर कन्सोल केबल (संगणक थेट स्विचच्या कन्सोल पोर्टला जोडणारी केबल) लावून टर्मिनल प्रोग्राम उघडावा. वेग बहुधा ९६०० बॉड असतो, काही स्विचांवर तो ११५२०० असतो. पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटली तर केबल बदलण्यापूर्वी वेग बदलून पाहावा. मूळ पासवर्ड बदलणे, स्विचला ओळखू येईल असे नाव देणे आणि फर्मवेअर (स्विचमधील अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे ही कामे येथेच उरकावीत. दूरवरून लॉगिन करण्याच्या टेलनेट पद्धतीत पासवर्ड उघड्या मजकुरात जातो, म्हणून ते बंद करून एसएसएच ही सांकेतिक पद्धत सुरू करावी.

आता व्हीलॅन तयार करून पोर्ट वाटून द्यावेत. संगणक किंवा प्रिंटर असलेला पोर्ट अ‍ॅक्सेस प्रकारचा, म्हणजे एकाच व्हीलॅनचा, ठेवावा. दोन स्विचांना जोडणारा पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारा, असावा आणि त्यावर आवश्यक तेवढ्याच व्हीलॅनना परवानगी द्यावी. ट्रंकच्या दोन्ही टोकांना नेटिव्ह व्हीलॅन (ज्याची वाहतूक व्हीलॅन क्रमांकाच्या टॅगशिवाय जाते तो) एकच आहे ना, हे जरूर पडताळावे, कारण तो वेगळा असल्यास एका व्हीलॅनची बिनटॅगची वाहतूक दुसऱ्यात शिरते.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते स्पॅनिंग ट्रीकडे, म्हणजे नेटवर्कमधील कडी रोखणाऱ्या यंत्रणेकडे. इथरनेट फ्रेमला (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) आयुर्मर्यादा नसते. केबलचे चुकून कडे तयार झाले तर ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून असलेल्या) फ्रेम त्यात फिरत राहतात आणि काही क्षणांत सारे नेटवर्क ठप्प होते. हे टाळण्यासाठी स्विच आपसांत एक रूट, म्हणजे मार्ग ठरवण्यासाठी केंद्र मानलेला स्विच, निवडतात; ज्याचे प्राधान्यमूल्य सर्वांत कमी, तो रूट होतो. प्रत्येकाचे मूळ प्राधान्यमूल्य ३२७६८ असते आणि ते समान असल्यास सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (उपकरणाला कारखान्यातच मिळणाऱ्या पत्त्याचा) स्विच रूट होतो, मग तो कोपऱ्यातला जुना, संथ स्विच का असेना. ही निवड नशिबावर सोडू नये: मध्यवर्ती स्विचचे मूल्य ४०९६ करावे, नव्या स्विचचे तसेच राहू द्यावे आणि वापरकर्त्यांच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश आल्यास पोर्ट बंद करणारी सोय) लावावा.

व्यवस्थापनाचा आयपी पत्ता आणि त्याचा व्हीलॅन कन्सोल जोडलेला असतानाच बदलावा. दूरवरून बदल करताना एक चूक झाली तर ज्या वाटेने आत आलो तीच बंद होते.

अनेक स्विचांवर केलेला बदल तत्काळ लागू होतो, पण जतन होत नाही. रनिंग कॉन्फिगरेशन (सध्या लागू असलेल्या सेटिंग्ज) स्टार्टअपमध्ये (स्विच सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) साठवावे, स्विचची वीज बंद करून पुन्हा सुरू करावी आणि सर्व व्हीलॅन जागेवर आहेत का ते पाहावे. त्या फाइलची एक प्रत स्विचबाहेर सुरक्षित ठेवून मगच ट्रंकची केबल जोडावी.