मुलाचं वजन खरंच जास्त आहे का? घरी कसं बघायचं आणि पुढे काय करायचं

पोरगं गोलमटोल असलं की आपल्याकडे सगळे खुश, आजी म्हणणार खात्यापित्या घरचं दिसतंय, वयात आलं की उतरेल आपोआप. बऱ्याचदा उतरत नाही हो, वयाच्या दहा-बारा वर्षांनंतरही वजन जास्तच असेल तर ते मोठेपणीही राहण्याची शक्यता खूप असते. म्हणून नुसतं बघून ठरवू नका, मोजा.

वजन किलोत घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा, झाला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. समजा १० वर्षांचा मुलगा, उंची १४० सेंमी, वजन ४५ किलो, तर उत्तर येतं २३ च्या आसपास. मोठ्या माणसात हा आकडा काठावरचा, पण १० वर्षांच्या पोरात तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. म्हणून मोठ्यांचे आकडे लावू नका, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत ५ ते १८ वयासाठी, मुलामुलींचे वेगळे, बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात, त्यावर ठिपका मांडून घ्या. मग टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, तो उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर सावध व्हा. आणि मान बघा. मानेवर, काखेत काळपट जाडसर मखमलीसारखा पट्टा दिसतो तो मळ नसतो, घासून जाणार नाही, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते.

आपला मुलगा तर बारीकच आहे म्हणून निवांत बसू नका, कारण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवलंय की भारतीय बाळं जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्यामानाने जास्त असतं. अशी मुलं नंतर झपाट्याने जाड झाली की डायबेटिसचा धोका वाढतो.

आता कारणं. पहिला संशय सगळ्यांना थायरॉईडचा, पण हार्मोनमुळे वजन वाढलेलं मूल सहसा उंचीला खुंटतं, तुमचं मूल जाड आणि वयाच्या मानाने उंचही असेल तर बहुधा खाणंपिणं, बैठेपणा आणि घराण्याचा कल हीच कारणं. त्यातही मला विचाराल तर पहिला नंबर गोड पेयांचा. २५० मिली कोलात साधारण २६ ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे, आंब्याच्या पेयातही कमी नसते आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत पण साखरच असते. शिवाय शाळा, क्लास, मोबाईल, पीटीचा तास गणितवाल्या सरांनी खाल्लेला (हे अजूनही चालतं!), रात्री बारापर्यंत जागरण, आणि झोप कमी झाली की भूक वाढतेच.

परिणाम आता शाळेतच दिसतात. फॅटी लिव्हर म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं, बीपी, टाइप टू डायबेटिस, मुलींमध्ये पाळी अनियमित आणि पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड), झोपेत जोरात घोरणं, गुडघे दुखणं. वर्गात 'ए जाड्या' ऐकून पोरगं खेळायलाच जात नाही, मग अजून वजन वाढतं.

मग करायचं काय? मुलाला डाएटवर टाकू नका, एकट्याला भाकरी आणि बाकीच्यांना पिझ्झा असं तर अजिबात नाही, घराचंच खाणं बदला. कोल्ड्रिंक आणि बिस्किटांचे पुडे घरात आणूच नका, समोर नसलं की निम्मी भांडणं मिटतात. तहानेला पाणी किंवा ताक, डब्यात थालीपीठ, मोड आलेली उसळ, घावन, चार वाजता भूक लागली की शेंगदाणे-फुटाणे नाहीतर फळ, ज्यूस नको. वडापाव महिन्यातून एखाद्या वेळी खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. जेवताना टीव्ही बंद, रोज किमान तासभर दम लागेल असा खेळ, खोखो, सायकल, पकडापकडी काहीही, आणि शाळेच्या वयाला नऊ तास झोप, मोबाईल बेडरूमच्या बाहेर. वाढत्या वयात वजन उतरवायलाच हवं असं नाही, वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली तरी बीएमआय खाली येतो, म्हणून दर आठवड्याला काट्यावर उभं करून त्याला रडवू नका.

मान काळी दिसली, घोरण्यात श्वास अडकला, मांडीत किंवा गुडघ्यात दुखून लंगडायला लागलं, किंवा उंची वाढणंच थांबलं तर डॉक्टरकडे जाच. ते बीपी बघतील, साखर, कोलेस्टेरॉल आणि लिव्हरची तपासणी सांगतील. पण वजन कमी करायची पावडर किंवा काढे कुणी कितीही खात्रीने विकत असलं तरी मुलांना देऊ नका.