तापलेलं डिझेल इंजिन: हेड उतरवण्याआधी काय ठरवायचं

ट्रक उकळला की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवू." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं सील. बऱ्याचदा हे निदान खरंही निघतं. पण ट्रक जुना घेतलेला असेल आणि आधीच्या मालकाने तो किती वेळा तापवला हे माहीत नसेल, तर या एका वाक्यावर पाना उचलू नका. हेड उतरलं की पाणी कुठून जात होतं याचा निम्मा पुरावा त्याच वेळी पुसला जातो. मग गॅस्केट बदलून इंजिन पुन्हा जोडायचं आणि पुन्हा तापतंय का याची वाट बघायची, एवढंच हातात उरतं.

सेल्फ मारण्याआधी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि काट्यावर विसंबू नका. पाणी संपलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो, तेव्हा इंजिन आतून सर्वात जास्त तापलेलं असू शकतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणाऱ्यांनी किती धडधाकट हेड तडकवली असतील याची मोजदाद नाही.

थंड झाल्यावर क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक होऊन जातो. मध्येच कडक अडलं तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून मगच फिरवा. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर लिहून ठेवा.

चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट सकाळी अगदी हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभरात ते तळाला बसतं आणि आधी बाहेर येतं. डिपस्टिक स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त राहू नका.

बेल्ट, फॅन क्लच, पाइप, रेडिएटरच्या जाळीतली माती आणि झाकणाची स्प्रिंग नजरेखालून घाला. थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) गरम पाण्यात थर्मामीटरसोबत बुडवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला नाही तर बदला. तो काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला मात्र ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतो.

बुडबुडे: इथेच मी फसलो होतो

रेडिएटरमध्ये बुडबुडे आले म्हणजे हेड गॅस्केट, असं मला शिकवलं होतं आणि मीही ते बरीच वर्षं मानलं. एका जुन्या ट्रकचं इंजिन थंड असताना सुरू केलं. मिनिटभरात वरचा होस दगडासारखा कडक झाला, झाकण काढलं तर बुडबुडे. पाणी अजून गार, म्हणजे वाफ नव्हे, ज्वलनाचा वायूच, असा मी निकाल दिला. हेड उतरवलं, फेसिंग मारून (तळ मशीनवर घासून सपाट करून) घेतलं, नवं गॅस्केट बसवलं. बुडबुडे तसेच. दुसऱ्यांदा हेड उतरवलं आणि तपासायला दिलं. हेड निर्दोष निघालं. ज्याचा ट्रक होता त्याचे दिवस गेले, पैसे गेले, आणि हेडची जाडी मी विनाकारण कमी करून ठेवली होती.

शेवटी शेजारी उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरने दाखवलं की हवेच्या गेजचा काटा भरला की बुडबुडे थांबतात. दोष एअर कॉम्प्रेसरमध्ये होता. एअर ब्रेकच्या बहुतेक ट्रकवर हा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो. त्याच्या छोट्या हेडचं गॅस्केट गेलं किंवा ते हेड तडकलं की दाबाखालची हवा सरळ पाण्यात शिरते, पाणी बाहेर ढकलते आणि इंजिन तापतं. सकाळी हवेच्या टाक्या रिकाम्या असतात. म्हणून कॉम्प्रेसर सुरुवातीपासून जोरात भरत असतो आणि थंड इंजिनावरच होस कडक होतो. माझी चाचणी चुकीची नव्हती, तिचा अर्थ मी एकच लावला होता.

आता मी अशा ट्रकवर नेहमी याच क्रमाने जातो. चाकांना ठोकळे लावायचे, झाकण काढून थंड इंजिन सुरू करायचं आणि टाक्या भरू द्यायच्या. कॉम्प्रेसरने भरणं सोडलं की बुडबुडे थांबतात का ते पाहायचं. मग सोबत्याला ब्रेक चार-सहा वेळा दाबायला सांगून हवा उतरवायची. कॉम्प्रेसर पुन्हा भरू लागताच बुडबुडे परत आले तर हेडला हात लावायचा नाही. टाक्या भरलेल्या असोत वा रिकाम्या, बुडबुडे सारखेच येत असतील तर वायू सिलिंडरमधून येतोय.

यावर खात्री हवी असेल तर निळ्या द्रावणाची चाचणी घ्या. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढली जाते. तीत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग हिरवा-पिवळा होतो, कॉम्प्रेसरच्या साध्या हवेने होत नाही. डिझेल इंजिन आयडलिंगला खूप जास्त हवा घेतं, त्यामुळे त्या वायूत कार्बन डायऑक्साइड कमी असतो. म्हणून आयडलिंगवर रंग बदलला नाही एवढ्यावर निकाल देऊ नका. इंजिन गरम करून, लोडवर चालवून आणल्यावर पुन्हा तपासा.

वायू सिलिंडरमधलाच असला तरी दोषी फक्त गॅस्केट नसतं. इंजेक्टरची स्लीव्ह (इंजेक्टर ज्यात बसतो ती नळी) सैल झाली तरी तो पाण्यात येतो. ज्या इंजिनात स्लीव्ह वेगळी बसते तिथे ती आधी तपासा, हेड न उतरवता सुटणारं काम आहे.

पाण्यात ऑइल, ऑइलमध्ये पाणी

ही दोन वेगळी लक्षणं आहेत, दोन्हींना "गॅस्केट" म्हणून मोकळं होऊ नका. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून ऑइल कूलर (ज्यात ऑइल पाण्याने थंड होतं) फुटला की ऑइल पाण्यात जातं आणि रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी साय जमते. इंजिन बंद केल्यावर उलट होतं: ऑइलचा दाब लगेच उतरतो, पाण्याचा काही वेळ टिकतो. पाण्यात ऑइल दिसलं की मी आधी कूलर काढून त्याला हवेचा दाब देतो आणि पाण्यात बुडवून पाहतो.

पाणी ऑइलमध्ये जात असेल तर ऑइल काढा, चेंबर उतरवा आणि रेडिएटरला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका हातपंपाने दाब द्या. मग खाली झोपून दिव्याने वर बघा, आणि घाई न करता रात्रभर तसंच राहू द्या. लायनरच्या (पिस्टन ज्यात चालतो त्या नळीच्या) बाहेरून, ब्लॉकच्या कडेने थेंब उतरला तर खालच्या ओ रिंग (रबरी सील) गेल्या. उष्णतेने त्या कडक होतात. थेंब लायनरच्या आतून, पिस्टनवरून आला तर वरचं गॅस्केट, तडकलेलं हेड किंवा भोक पडलेला लायनर. मेन बेअरिंगजवळ पाणी दिसलं तर ब्लॉकच्या तड्याची भीती खरी धरा. गळती थांबवणारी पावडर यातल्या कुठल्याही दुखण्यावर औषध नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि ऑइल कूलर मात्र नक्की बुजवते.

हेड उतरल्यावर

गॅस्केट फेकू नका. ते कुठे जळलंय ते बघा आणि त्याच जागी हेड व ब्लॉक तपासा. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज (बारीक पात्यांचं माप) घाला. मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलीच धरा. ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत असते, "चालतंय" म्हणून सोडायची नसते. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा साधारण दुप्पट पसरतं. म्हणून बिडाच्या ब्लॉकवरचं अॅल्युमिनियमचं हेड लवकर वाकतं, आणि फार तापलं तर मऊही पडतं. मऊ पडलेल्या हेडला फेसिंग मारून उपयोग नाही, त्याचा कडकपणा मोजून घ्या.

जुन्या ट्रकचं हेड आधीच घासलेलं असू शकतं, म्हणून फेसिंगपूर्वी जाडी मोजा. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा फार थोडी असते. हेड मर्यादेखाली गेलं की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. हेडला गरम पाण्यात दाबाची चाचणी दिल्याशिवाय बसवू नका. व्हॉल्व्ह सीटच्या मधले तडे थंड असताना मिटलेले असतात.

वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारा) असेल तर लायनरची कड ब्लॉकच्या वर किती आली आहे ते प्रत्येक सिलिंडरवर मोजा. एकच लायनर खाली बसला असेल तर नवं गॅस्केट त्याच जागी पुन्हा जळेल.

आता निर्णय

ड्रायव्हरने वेळेत गाडी थांबवली, पाणी कुठे मिसळलं नाही, बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून चेंबरमध्ये उतरणारा वायू) नाही, सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं: तापण्याचं कारण दूर करा, ऑइल-फिल्टर बदला आणि इंजिन उघडू नका. जळकं ऑइल खराब झालेलं असतं, ते ठेवू नका.

लायनर गुळगुळीत, उंची बरोबर, बिघाड फक्त वर: हेडचं काम. हेडचे बोल्ट ताणून बसणाऱ्या प्रकारचे असतील तर नवेच घ्या, इथे पैसे वाचवायला मी कधी तयार होत नाही.

लायनरवर उभे ओरखडे, किंवा ऑइलच्या झाकणातून धापेसारखा धूर: हाफ इंजिन, म्हणजे हेडसोबत पिस्टन, रिंग आणि लायनरचंही काम. तापलेल्या रिंगांचा ताण गेलेला असतो. अशा इंजिनावर फक्त हेड करून दिलं की ते ऑइल प्यायला लागतं. ओरखडा एकाच सिलिंडरला दिसला तरी सगळे पिस्टन बाहेर काढून बघा.

जुना ऑइल फिल्टर कापून घडी उलगडा. चकचकीत कण दिसले, किंवा गरम इंजिनावर ऑइलचा दाब पडत असेल, तर बेअरिंग उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रँक स्टँडर्ड साइजचा (अजून न घासलेला) असेल तर ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंग बसवता येतं, म्हणजे त्या इंजिनात अजून दम आहे. तो शेवटच्या साइजला आधीच पोहोचला असेल तर फुल इंजिनचा (क्रँकसकट सगळं काम करण्याचा) हिशेब बदलतो.

ब्लॉक तडकला किंवा लायनरची बैठक खचली की मी दुसरं इंजिन सुचवतो. जुनं इंजिन घेणार असाल तर ते जमिनीवर बघून घेऊ नका. चालवून, कॉम्प्रेशन मोजून, फिल्टर कापून घ्या. नाहीतर एका अनोळखी इतिहासाच्या जागी दुसरा येतो. चेसिस गंजलेली आणि गिअरबॉक्स कण्हत असेल तर इंजिनावर एवढा खर्च करूच नका.

बसवल्यावर

रेडिएटर आतून साफ केल्याची खात्री करा, पाण्यातली हवा पूर्ण काढा, मॅन्युअल म्हणत असेल तर हेड पुन्हा टॉर्क करा (बोल्ट ठरलेल्या जोराने कसा). पहिले काही दिवस लोड हलका ठेवा. रोज सकाळी थंड इंजिनावर पाण्याची पातळी एकाच खुणेशी बघा, आणि दर वेळी हवेच्या टाक्या भरताना एकदा बुडबुड्यांकडेही नजर टाका.