साड्या फाडण्याआधी गोधडीचा हिशेब

गोधडीसाठी जुन्या साड्या काढल्या की हात आधी कात्रीकडे जातो. शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातात मी आधी टेप देते. पांघरणार कोण, आणि पलंगावर की खाली, ते अगोदर ठरवा.

एका माणसाला ५ बाय ७ फूट पुरते. पण धावदोरा दाट पडला की कापड आकसतं, म्हणून बेत साडेपाच बाय साडेसातचा धरायचा.

सहावारी साडी साधारण १८ फूट, पन्हा ४५ इंच. बहुतेक जणी ती उभी घालतात. साडेसात फुटांचे दोन तुकडे निघतात, ते जोडले की रुंदी दोन फूट जास्त होते आणि तीन फूट कापड वर उरतं. त्यापेक्षा साडी आडवी घाला. पावणेसहा फुटांचे तीन तुकडे पडतात. त्यातले दोन काठाला काठ लावून जोडले की एक थर झाला. म्हणजे दोन साड्यांत तीन थर! नऊवारीचे असेच चार तुकडे, एकीतच दोन थर. कापण्याआधी कापड उजेडासमोर धरा, अंगठ्यांनी ताणा. विरलेलं मधल्या थरात चालतं, ताणल्यावर फाटणारं कुठेच नको.

सगळ्या थरांचे जोड बरोबर मधोमध आले तर तिथे कडक वळी उठते आणि सुई अडते. एका थरात मधला जोड ठेवा. पुढच्या थरात एक तुकडा अखंड मध्ये घ्या, दुसरा उभा चिरून अर्धा-अर्धा त्याच्या दोन्ही बाजूंना लावा.

वरचा थर ठिगळांचा हवा असेल तर १२ इंचांचे चौकोन सोपे पडतात. ५ आडवे, ७ उभे, एकूण ३५. शिवणीसाठी प्रत्येक चौकोन १३ इंचांचा कापा. पन्ह्यात तीन बसतात, म्हणून १२ ओळींना १३ फूट कापड लागतं. ते एकाच साडीचं असण्याची गरज नाही. आधी सगळे चौकोन जमिनीवर मांडा, गडद रंग एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर हलवा, आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी चूक लगेच दिसते. मग भोवती तीन इंच काठ लावला की मागच्या थरांशी माप जुळतं.

सिंथेटिक साडी कितीही सुंदर असो, आत घालू नका. ती सुती थरांवरून सरकते आणि अंगाला गरम वाफ धरते. थर चार ठेवा. सहा थरांची गोधडी ओली झाली की एकटीला पिळवत नाही.

बाळाच्या गोधडीला एक मऊ सुती सहावारी खूप झाली. ३ फुटांचे चार तुकडे, पन्हा आहे तसाच, जोड एकही नाही. उरलेल्या सहा फुटांत दोन दुपटी होतात.