कंस विसरलात की ऑक्सिजन ४३ होतात! आयनिक संयुगांची सूत्रं लिहिताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या वह्या तपासताना मला सगळ्यात जास्त खटकतो तो न घातलेला कंस. ॲल्युमिनियम सल्फेट घ्या. ॲल्युमिनियमची संयुजा (आयनावरच्या, म्हणजे प्रभारित अणू किंवा अणुगटावरच्या, प्रभाराचा आकडा) ३, सल्फेटची २, तिरकस गुणाकार (एकाची संयुजा दुसऱ्याखाली लिहिणं) पोरं अगदी बरोबर करतात आणि मग सल्फेटच्या ४ ला चिकटून ३ लिहून मोकळी होतात. आता वाचा बरं ते, ऑक्सिजनचे अणू ४३ झाले! हवेत १२. अहो, सल्फेट हा अख्खा गट आहे, तो तीनदा घ्यायचाय, म्हणून गट कंसात आणि ३ कंसाबाहेर: Al₂(SO₄)₃. गट एकदाच असेल तर कंस नकोच, जसं कॅल्शियम कार्बोनेट. आणि अमोनियम सल्फेट, म्हणजे आपलं शेतातलं खत, त्यात अमोनियम दोन लागतात म्हणून कंस अमोनियमला.

मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोघांची संयुजा २, मग दोघांखाली २ तसाच राहतो. तो छोटा करायचा, १ ला १. कारण मिठाच्या खड्यातसुद्धा सुटे रेणू नसतात, सोडियम आणि क्लोराइड एकाआड एक रचलेले असतात, सूत्र नुसतं प्रमाण सांगतं. फक्त सोडियम पेरॉक्साइडचं सूत्र (Na₂O₂) असं छोटं करू नका, तिथे दोन ऑक्सिजन मिळून एकच आयन असतो.

आयनिक संयुगांच्या नावात डाय (दोन), ट्राय (तीन) घालू नका. कॅल्शियम डायक्लोराइड नाही, नुसतं कॅल्शियम क्लोराइड. डाय कार्बन डायऑक्साइडला, कारण तिथे दोन्ही अधातू.

लोखंडाचं मात्र नीट बघा, फेरस म्हणजे २, फेरिक म्हणजे ३. आयर्न थ्री ऑक्साइड असं नाव आलं की मुलं तो थ्री थेट ऑक्सिजनखाली लिहितात आणि लोखंड एकटंच ठेवतात, पण तो आकडा लोखंडावरचा प्रभार आहे, अणूंची संख्या नाही. बेरीज करून बघा: २ लोखंडाचे मिळून +६, ३ ऑक्सिजनचे −६, शून्य आलं, सूत्र बरोबर.

ही बेरीज एका ठिकाणी मात्र दगा देते. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट, तिघांचाही प्रभार −२, त्यामुळे सोडियम प्रत्येकाला दोनच लागतात आणि नाव चुकलं तरी शून्य येतंच. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये ३, सल्फेटमध्ये ४. हे तिन्ही एकाखाली एक लिहून सरळ पाठच करा.