लोडरची पिन बदलण्याआधी भोक तपासा

ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरची बकेट डावी-उजवीकडे डुलायला लागली की बहुतेक जण बकेट आर्मला जोडणारी नवी पिन आणून ठोकतात. पण पिन नेमकी कुठे फिरते, हे आधी बघा. पिन बुशमध्ये (आतल्या नळीसारख्या भागात) फिरायला हवी, बाहेरच्या कानात (पिनच्या भोकाच्या पट्टीत) नव्हे. पिनला कानात अडवून धरणाऱ्या लॉकपट्टीचा बोल्ट तुटला की पिन कानात फिरते आणि भोक लंबगोल होतं. अशा भोकात नवी पिन महिनाभरही नीट बसत नाही.

काम सुरू करताना बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर पुढेमागे हलवून हायड्रॉलिकचा दाब सोडा. आर्म वर ठेवावाच लागला तर खाली भक्कम टेकू हवा. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

पिन साध्या माइल्ड स्टीलच्या सळईची करू नका, ती वाकते. लेथवाल्याला ईएन-८ किंवा ईएन-१९ या जास्त मजबूत प्रकारचं स्टील सांगा आणि वरचा थर हार्ड करून घ्या. बुश मात्र पिनपेक्षा मऊ असू द्या. झिजायचं तर स्वस्तातलं झिजावं!

लंबगोल भोक नुसतं वेल्डिंगने भरून ग्राइंडरने घासणं म्हणजे जुगाडच. ते बोअर करून (मशीनवर गोल कापून) आत स्लीव्ह, म्हणजे नळी, बसवा, किंवा कानाला बाहेरून जाड वॉशरप्लेट वेल्ड करा. प्लेट वेल्ड करताना पिन आत ठेवली तर दोन्ही कान एका रेषेत राहतात. त्याआधी ग्रीस पुसा, बॅटरीची वायर काढा, वेल्डिंग मशीनची अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जवळच लावा. करंट हायड्रॉलिक सिलिंडरमधून जाऊ देऊ नका.

ग्रीस मारताना बकेट टेकलेली असावी, म्हणजे ते पिनच्या भोवती सगळीकडे पोचतं.